यूडीआयडी कार्डही आहे आणि स्कूटरही चालवते, यात गैर काय?

सातविण

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचते, लिहिते क्वचित. आज मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात मेनिया (अतिउत्साहाचा झटका) झाला, मग काही वर्षं नैराश्यात गेली, नोकरी सुटली, ॲडमिट व्हावं लागलं. आता लिथियमच्या गोळ्यांवर बऱ्याच काळापासून स्थिर आहे आणि एका निमसरकारी कार्यालयात कारकून आहे. काम करते, पण मधूनच असे आठवडे येतात की आंघोळीला उठवत नाही, आईचा फोनसुद्धा उचलवत नाही, फायलीतली ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाने सगळे कागद पाहून ४५ टक्क्यांचं तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं, त्यावर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलं. प्राप्तिकरात दिव्यांगांसाठीची कलम ८० यूची वजावट घेते.

आमच्याकडे सध्या दिव्यांग प्रमाणपत्रांची पडताळणी चालू आहे. परवा एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "रोज स्कूटरवरून येता, मग दिव्यांग कशा? साहेबांच्या कानावर घालायला हवं." कोणी काही बोललं नाही. माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून स्कूटर घरी आहे आणि मी शेअर रिक्षाने जाते.

गाडी चालवते म्हणून प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं का? की उलट, प्रमाणपत्र आहे म्हणून लायसन्स जाईल? लायसन्सचं नूतनीकरण जवळ आलंय, त्या फॉर्मवर काय लिहू? आणि पडताळणी होईपर्यंत स्कूटर बंदच ठेवलेली बरी का? कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

केसपेपर

सातविण, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आजारी दिसावं म्हणून स्कूटर बंद ठेवू नकोस. ज्या दिवशी तुझं चालवणं सुरक्षित नसेल त्या दिवशी ती बंद ठेव. बाकी कोणासाठीही नाही.

मी एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. मानसिक आजाराची टक्केवारी 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर ठरते. ही आपल्याकडच्याच मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केली आहे. तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम (नोकरी, घरकाम किंवा शिक्षण). प्रत्येकीला ० ते ४ गुण. आजार किती काळ आहे, याचे वेगळे १ ते ४ गुण. सगळं मिळून २०. बेरीज ७ ते १३ आली की ४० ते ७० टक्के, १४ ते १९ आली की ७१ ते ९९. सहापर्यंतच राहिली तर ४० टक्क्यांखाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले आरक्षणासारखे मुख्य लाभ ४० पासून पुढे.

वाहन येतं की नाही, याला या मोजपट्टीत सदरच नाही. गाडी चालवणं बहुतेकांच्या हाताला बसलेलं असतं. नैराश्यात आधी जातं ते कुठलीही गोष्ट सुरू करण्याचं बळ: उठणं, केस विंचरणं, समोरच्याशी बोलणं. तासभर नीट गाडी चालवून घरी आलेली बाई पुढचे दोन दिवस न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहते, असं आम्ही कायम पाहतो. बोर्ड हे दोन दिवस मोजतं. तो तास मोजण्याचं काम दुसऱ्या कार्यालयाचं, आरटीओचं, आहे.

एक विचारते. बोर्डापुढे तुला गाडीबद्दल विचारलं होतं का?

सातविण

हो. विचारलं होतं आणि मी चालवते असं सांगितलं होतं. केसपेपरवर तसं लिहिलेलंही आहे.

केसपेपर

मग फार उत्तम. त्या पानाची प्रत काढून ठेव. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१ लबाडीने लाभ घेणाऱ्यांसाठी आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जिने बोर्डापुढे सगळं खरं सांगितलं, तिने त्या कलमाला का घाबरावं?

गिअर३

मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, लायसन्सचं मी सांगतो.

परिवहन नसलेल्या, म्हणजे खाजगी वापराच्या, वाहनाचं लायसन्स असेल आणि वय ४० च्या आत असेल तर नमुना १, म्हणजे स्वतःचं घोषणापत्र. त्यात फिट्स येतात का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा: तुमचं वाहन चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा कोणता आजार किंवा अपंगत्व आहे का? नीट वाचा. 'कोणता आजार आहे का' एवढाच प्रश्न नाही. आजारामुळे चालवणं धोक्याचं होतं का, असं विचारलंय. वय चाळिशीपुढे असेल किंवा परिवहन वाहन असेल तर डॉक्टरकडून नमुना १-ए. त्यातही डॉक्टरला हेच विचारतात, की अर्जदाराला फेफरं, भोवळ किंवा वाहन चालवण्यावर परिणाम करील असा मानसिक आजार आहे का.

ताई, तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनी तपासून 'सध्या स्थिर, वाहन चालवण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं असेल तर तुम्ही त्या प्रश्नाला 'नाही' लिहिणं खरंच आहे. ते पत्र नसताना नुसत्या अंदाजाने 'नाही' लिहू नका.

लायसन्स काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे, पण आजार किंवा अपंगत्वामुळे माणूस वाहन चालवायला अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण लागतं. त्या कलमाखाली वैद्यकीय प्रमाणपत्र आणायलाही सांगू शकतात. अर्ज नाकारला किंवा लायसन्स रद्द केलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि ३० दिवसांत अपील करता येतं, ते कलम १७. निव्वळ ४५ टक्क्यांचं कार्ड आहे म्हणून लायसन्स रद्द, असं कायद्यात कुठे नाही.

कलम १८६ मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं. आपलं चालवणं लोकांना धोक्याचं आहे असा आजार आपल्याला आहे हे *माहीत असताना* जो गाडी चालवतो, त्याला पहिल्यांदा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी दोन हजारांपर्यंत दंड. २०१९ च्या दुरुस्तीआधी हाच दंड दोनशे आणि पाचशे होता. रक्कम किरकोळ वाटेल. पण अपघात होऊन कोर्टात प्रकरण गेलं की 'माहीत होतं का' हा प्रश्न फार जड होतो.

पिंपळपार

सगळं वाचलं. मला हे पटत नाही आणि स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझ्या काकूंना रस्ता ओलांडताना दुचाकीने उडवलं. चालवणारा झोपेच्या गोळ्यांवर होता. त्या आजही काठी घेऊन चालतात. आजार कोणाचा दोष नसतो हे मान्य. पण रस्ता सगळ्यांचा आहे. ज्याच्या मनाचा भरवसा त्याला स्वतःलाच नाही, त्याने गाडी चालवूच नये.

सातविण

पिंपळपार, काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. राग नाही आला. ही भीती मलाही आहे, म्हणून तर विचारतेय.

केसपेपर

पिंपळपार, तुमच्या काकूंच्या अपघातात जे झालं ते गोळीमुळे झालं, आणि त्या गोळ्या मानसिक आजार नसलेली माणसंही सर्रास घेतात. म्हणून थोडं सविस्तर लिहिते, हा भाग सगळ्यांच्याच कामाचा आहे.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गटातल्या गोळ्यांनी प्रतिक्रियेचा वेग मंदावतो आणि माणसाला तो मंदावल्याचं कळत नाही, हा त्यातला खरा धोका. क्वेटियापिन, ओलान्झापिन, मिर्टाझापिन रात्री घेतल्या तरी सुरुवातीच्या दिवसांत सकाळी गुंगी राहू शकते. सर्दीच्या काही गोळ्याही तसंच करतात. गोळी नवीन सुरू झाली किंवा डोस वाढला की शरीर सरावेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. किती दिवस, ते डॉक्टरांना नेमकं विचारून घ्यायचं. आणि दारू त्यात मिसळली तर विषयच संपला. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ फक्त दारूपुरतं नाही. औषधाच्या अमलाखाली गाडीवर ताबा राहणार नाही अशा स्थितीत चालवणंही त्यातच येतं.

लिथियम घेणाऱ्यांसाठी वेगळं. उलट्या-जुलाब झाले, कडक उन्हात पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, पाय अडखळणं, जीभ जड होणं ही त्याची खूण. अशा वेळी गाडी तर नाहीच, सरळ दवाखाना गाठायचा आणि पातळी तपासायची.

उलटी चूकही होते. गाडी चालवायची म्हणून लोक सकाळची गोळी परस्पर टाळतात. ते याहून धोक्याचं. गोळी सुटली की आजार परततो, आणि परतलेला आजार रस्त्यावर गोळीपेक्षा वाईट.

आता तुमचा मुद्दा, मनाचा भरवसा. मेनियात माणसाला स्वतःचं कळत नाही हे अगदी खरं आहे. म्हणून तर त्याचा निर्णय त्या वेळी त्याच्यावर सोडायचा नसतो. बरं असताना ठरवून ठेवायचं. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी सांगते की घरातलं एक माणूस नेमा, ज्याने "किल्ली दे" म्हटलं की वाद न घालता द्यायची. आणि ती खूण कशावरून ओळखायची तेही लिहून ठेवा. कोणाची झोप तीन-चार तासांवर येते आणि तरी तो ताजातवाना असतो. कोणी एरवी शांत असतो आणि अचानक प्रत्येक गाडीला ओव्हरटेक करायला लागतो. कोणाला मागची गाडी आपल्याच पाठलागावर आहे असं वाटू लागतं. नैराश्यात हे उलटं, सिग्नल सुटून गेला तरी माणूस थांबलेलाच, ओळखीचं वळण मागे राहिल्याचं नंतर लक्षात येतं. आणि गाडीवर असताना स्वतःला संपवायचा विचार आला तर तिथेच बाजूला घ्या, किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या, फोन करा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं.

एवढं पाळणारा बायपोलरचा रुग्ण मला, झोप न झालेल्या पण धडधाकट माणसापेक्षा रस्त्यावर अधिक सुरक्षित वाटतो. हे माझं मत आहे, आणि ते अनेक कुटुंबं जवळून पाहून झालेलं आहे.

पिंपळपार

किल्लीचं ठरवून ठेवायचं, हे पटलं. सगळं पटलं असं म्हणणार नाही. पण काकूंच्या प्रकरणात त्या माणसाला गोळ्या देताना कोणी 'गाडी चालवू नका' असं सांगितलं होतं का, हा प्रश्न आजवर आमच्या घरात कोणी विचारला नव्हता.

तिठा

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. टेम्पो चालवतो, घर त्याच्यावर चालतं. आता औषधं नीट घेतो. सगळे म्हणतात प्रमाणपत्र काढा, संजय गांधी योजनेत पैसे मिळतील. मला भीती वाटते की प्रमाणपत्र काढलं तर टेम्पो जाईल.

गिअर३

तिठा, त्याचं लायसन्स परिवहन वाहनाचं आहे, म्हणजे नमुना १-ए चुकणार नाही आणि तो भरणाऱ्या डॉक्टरला आजाराची माहिती द्यायलाच हवी. ओळखीच्या दवाखान्यातून न तपासता सही आणू नका. ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत त्यांचं मत सोबत लावा. आणखी एक, मालवाहतुकीत रात्रीच्या फेऱ्या असतात. मालकाशी बोलून दिवसाच्या मागून घ्या.

केसपेपर

रात्रीच्या फेऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. झोप मोडणं हे या आजारात परत पडण्याचं मोठं कारण आहे.

तिठा, तुमच्या प्रश्नात सातविणच्या प्रश्नापेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. स्कूटरवरून कामाला जाणं आयडियाजमध्ये येत नाही, पण टेम्पो चालवून घर चालवणं 'काम' या सदरात येणारच, आणि यायलाच हवं. भाऊ नियमित कमावत असेल तर त्या सदरात गुण कमी पडतील. कदाचित बेरीज सातपर्यंत पोचणार नाही. पोचावी म्हणून तो घरी बसतो असं सांगू नका.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झालेत, आधी १,५०० होते. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी ५० हजार आहे. टेम्पोच्या कमाईत ती ओलांडली जाईल असं वाटतं. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे आणि तिथे ८० टक्के लागतात. तेव्हा तुमच्या घरासाठी आज टेम्पो आणि औषधं हीच मदत आहे. पुढे कधी आजार बळावला आणि काम थांबलं तर प्रमाणपत्राचा मार्ग खुला आहेच. त्यासाठी आतापासून प्रत्येक ओपीडीचा कागद, प्रत्येक डिस्चार्ज कार्ड तारखेनुसार लावून ठेवा. आजाराचा काळ मोजायला बोर्डाला तेच लागतं.

तिठा

फाईल आजच करतो. मोठं ओझं उतरलं.

बकुळ

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे दिव्यांगांचा भत्ता आणि लायसन्स हे दोन्ही प्रश्न एकमेकांत जास्त गुंततात म्हणून लिहिते. इथल्या पिप भत्त्याचे दोन भाग असतात, रोजचं जगणं आणि हालचाल. हालचालीत 'प्रवास ठरवणं आणि रस्ता धरून जाणं' हे एक सदर आहे. अनोळखी रस्त्यावर तुम्ही एकटे गाडी चालवता असं कळलं की मूल्यमापन करणारे त्याचा अर्थ 'लक्ष लागतं, नियोजन जमतं' असा लावू शकतात. म्हणून माझ्या रुग्णांना मी सांगते, नुसतं 'गाडी चालवते' असं लिहू नका. कुठे, किती वेळ, कोण सोबत असतं, कोणत्या दिवशी जमत नाही, पोचल्यावर अवस्था काय होते, ते सगळं लिहा.

आणि बायपोलर, स्किझोफ्रेनिया, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांपैकी काही असेल तर इथल्या लायसन्स कार्यालयाला, म्हणजे डीव्हीएलएला, कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास हजार पाउंडांपर्यंत दंड. मेनिया किंवा सायकोसिसचा तीव्र झटका येऊन गेला की साध्या गाडीसाठीही निदान तीन महिने नीट स्थिर राहावं लागतं, मगच परत चालवता येतं. आपल्या कायद्यात असा महिन्यांचा आकडा लिहिलेला नाही, सगळं डॉक्टरच्या मतावर आहे. मला वाटतं भारतातल्या डॉक्टरांनीही घरच्यांना असा एखादा स्पष्ट काळ सांगावा. "बघू, बरं वाटलं की चालवा" यात फार अनर्थ होतात.

केसपेपर

बकुळ, अगदी. आमचे एक डॉक्टर डिस्चार्जच्या वेळी कागदावर थेट 'वाहन चालवू नये, पुढच्या तपासणीपर्यंत' असं लिहितात. घरच्यांना किल्ली मागायला त्या एका ओळीचा फार आधार होतो.

हिशोबवही

८० यूबद्दल थोडं. ४० टक्क्यांपासून ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाख. फक्त जुन्या करप्रणालीत. मानसिक आजार त्यात धरला जातो. सातविण, तुमचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे. त्याची मुदत संपली की पुढच्या वर्षांसाठी नवीन लागतं. लोक इथेच अडकतात. आत्ताच तारीख बघा. आणि दिव्यांगांना वाहनखरेदीत करसवलत मिळते असं ऐकून कोणी आपल्या नावावर प्रयत्न करतात, ती सवलत अस्थिव्यंगासाठी आहे, मानसिक आजाराच्या कार्डावर नाही.

नदीकाठ

कार्यालयातल्या बोलण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सर्वांसमोर एखाद्याच्या आजारावर बोलणं हे सहन करायची गोष्ट नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्यांच्याकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही किंवा पदावनती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये रविंदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणात मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्यावर त्या आजाराशी निगडित वागणुकीसाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे असं म्हटलं. धारिवाल सीआरपीएफमध्ये अधिकारी होते. सशस्त्र दलातल्या माणसाला जे संरक्षण मिळालं, ते कार्यालयातल्या टेबलाला मिळणार नाही का?

आणि पडताळणी समितीपुढे प्रमाणपत्र दाखवा, बोर्डाने बोलावलं तर जा. सहकाऱ्यांना निदान, गोळ्या, काही सांगायला तुम्ही बांधील नाही.

सातविण

सगळ्यांची खूप आभारी आहे. केसपेपरताई, गिअर३ काका, तुमचे प्रतिसाद छापून घेतलेत.

घरी बोलले. किल्ली मागायचा हक्क बहिणीला दिला आहे. खुणा लिहायला बसलो तर तिनेच अर्ध्याहून जास्त सांगितल्या. मी रात्री उशिरा कपाटं आवरायला लागते ही तिच्या मते पहिली खूण, मला तर ठाऊकच नव्हती. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. पत्र मागणार आहे. पत्रात नेमकं काय असावं?

केसपेपर

निदान, चालू औषधं आणि डोस, शेवटचा झटका कधी येऊन गेला, तेव्हापासून स्थिर आहेस का, लिथियमची ताजी पातळी, गुंगी किंवा तोल जाण्यासारखा त्रास आहे का, आणि शेवटी एक वाक्य: वैयक्तिक दुचाकी चालवण्यास सध्या हरकत नाही, पुनर्तपासणी अमुक तारखेला. डॉक्टरांच्या मते काही अटी असतील, समजा रात्री उशिरा नको, तर त्याही लिहू दे. अटी असलेलं पत्र जास्त विश्वासार्ह वाटतं. हे पत्र लायसन्ससाठी वेगळं ठेव. बोर्डाच्या फाईलमध्ये टक्केवारीचे कागद, यात गाडीचे. दोन्हींत आजाराचं वर्णन सारखं असलं पाहिजे.

गिअर३

पत्रावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय उठू नका. आणि अर्ज लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर भरताना घाई करू नका, सबमिट करण्याआधी घोषणापत्रातला प्रत्येक प्रश्न बहिणीसोबत मोठ्याने वाचा.

सातविण

हो काका. आणि तक्रारीचा अर्ज लिहायला घेतलाय. मसुदा झाला की इथे टाकते, नदीकाठ, तुम्ही बघाल का?

नदीकाठ

नक्की टाका. नावं गाळून टाका.